कोरम, तहकुबी आणि गॅलरी : महापालिकेचं इतिवृत्त कसं वाचायचं

महापालिकेच्या सभांची जुनी इतिवृत्तं पहिल्यांदा हातात घेतलीत की तुमची नजर आधी ठरावांकडे जाईल. रस्ता मंजूर झाला का, पाणीपट्टी वाढली का, आपल्या विषयाचा उल्लेख कुठे आहे. साहजिक आहे. तरी माझं सांगणं असं, की पहिल्या दिवशी ठराव वाचूच नका. वरची हजेरीची यादी वाचा. कोण आलं होतं, अध्यक्षस्थानी कोण होतं, सभा तहकूब झाली असेल तर कशासाठी. तुमच्यापैकी जे विज्ञान शाखेतून इतिहासाकडे वळताहेत त्यांना हे लवकर पटेल. नमुना किती मोठा होता हे न बघता आपण कुठल्याही प्रयोगाचा निष्कर्ष स्वीकारत नाही. ठराव हा निष्कर्ष आहे, हजेरी हा नमुना.

सभेच्या कामकाजात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. कोण हजर असल्याशिवाय सभा होऊच शकत नाही? कोणाला येऊन बसता येतं? आणि कोणाला बोलता येतं? 'लोकांचा सहभाग' असा मोघम शब्द वापरला की हे तिन्ही प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले जातात. तुमच्या संशोधन आराखड्यात तो शब्द असेल, तर त्याचे हे तीन तुकडे करून बघा. प्रत्येकाचा इतिहास वेगळा आहे.

आधी कोरमचा. आपण मराठीत गणपूर्ती म्हणतो, पण सभागृहात अजूनही "कोरम नाही, साहेब" असाच आवाज येतो. हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ नुसता 'ज्यांच्यापैकी' एवढाच. जुन्या इंग्लंडमध्ये जस्टिस ऑफ द पीस नेमण्याच्या सनदेत असं वाक्य असे, की अमुक कामासाठी बसाल तेव्हा तुम्हा सर्वांपैकी या या नावांतला निदान एक जण हजर असलाच पाहिजे. 'ज्यांच्यापैकी' या शब्दाने सुरू होणाऱ्या त्या वाक्यात ज्यांची नावं येत, ते 'कोरमचे' जस्टिस. म्हणजे कोरम मुळात आकडा नव्हताच, ती विशिष्ट, भरवशाच्या, कायदा जाणणाऱ्या माणसांची यादी होती. पुढे संस्था वाढल्या आणि 'कोण' हा प्रश्न मागे पडून 'किती' हा प्रश्न पुढे आला. इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सने सतराव्या शतकातच चाळीस हा आकडा ठरवला, तो आजही आहे.

मुंबईच्या संदर्भात ही नुसती शब्दांची गंमत राहत नाही. १८६५ च्या कायद्याने मुंबई शहराची महापालिका म्हणून जी संस्था उभी राहिली, ती याच जस्टिस ऑफ द पीस मंडळींची होती. सरकारने नेमलेले प्रतिष्ठित युरोपीय आणि हिंदी गृहस्थ, निवडणुकीचा संबंध नाही. त्यांनी पैशावर देखरेख ठेवायची आणि प्रत्यक्ष कारभार एका म्युनिसिपल कमिशनरने करायचा, अशी रचना. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. हो, क्रॉफर्ड मार्केटवाला तोच. (आणि १८८८ साली पुण्याकडच्या ज्या लाचखोरीच्या 'क्रॉफर्ड प्रकरणा'बद्दल टिळकांच्या चरित्रात वाचता, त्यातलाही तोच.)

क्रॉफर्डने झपाट्याने कामं केली. गटारं, रस्ते, बाजार. शहर बदललं यात शंका नाही. पण खर्च हाताबाहेर गेला आणि देखरेख करणारे जस्टिस कागदावरच राहिले. एवढ्या मोठ्या मंडळाकडे देखरेख सोपवली की ती कोणाचीच राहत नाही, हा धडा मुंबईने तेव्हा पैसे मोजून घेतला. १८७१ मध्ये करदात्यांचा असंतोष उफाळून आला. सभा झाल्या, अर्ज गेले. बहुतेकांचं म्हणणं सरळ होतं : कमिशनरचे पंख छाटा आणि कारभार एका छोट्या मंडळाच्या हाती द्या.

त्याच वर्षी सव्वीस वर्षांच्या एका बॅरिस्टरने फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचला आणि लोकांना न रुचणारी बाजू घेतली. फिरोजशहा मेहता. त्यांचं म्हणणं असं, की दोष एका माणसाच्या हाती अंमलबजावणी असण्यात नाही. त्याला जाब विचारणारं मंडळ करदात्यांनी निवडलेलं नाही, यात दोष आहे. कारभार समितीने चालवायचा नसतो, समितीने कारभारावर लक्ष ठेवायचं असतं. हा फरक नीट समजून घ्या. मुंबईचा, आणि पुढे महाराष्ट्रातल्या इतर महापालिकांचा, सगळा सांगाडा याच फरकावर उभा आहे.

१८७२ च्या कायद्यात तडजोड झाली. चौसष्ट सभासद : बत्तीस करदात्यांनी निवडलेले, सोळा जस्टिसांनी निवडलेले, सोळा सरकारने नेमलेले. या चौसष्टांतून बारा जणांची 'टाउन कौन्सिल', तिच्यातले आठ सभासदांनी निवडायचे आणि चार सरकारने नेमायचे. अध्यक्षही सरकारचाच. पैशाची वही या बारांच्या समोर. १८८८ चा कायदा आला तेव्हा सभासद बहात्तर झाले. निम्मे प्रभागांतून निवडलेले, आणि विद्यापीठ व चेंबर ऑफ कॉमर्स यांनाही प्रत्येकी दोन जागा. टाउन कौन्सिलचं नाव स्थायी समिती झालं. संख्या बाराच, आठ-चार हे प्रमाणही तेच, पण अध्यक्ष आता समितीनेच निवडायचा. एवढासा बदल वाटतो. सभेत कुठला विषय आधी घ्यायचा, कोणाला बोलू द्यायचं, तहकुबी कधी स्वीकारायची हे अध्यक्ष ठरवतो, हे लक्षात घेतलं की मग तो एवढासा वाटत नाही. या विधेयकावर कायदेमंडळात मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी घेतलेली मेहनत स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१८८८ चा हाच कायदा, असंख्य दुरुस्त्या अंगावर घेऊन, मुंबईत आजही चालू आहे. इथे एक व्यवहारातली सूचना. आजची छापील प्रत उघडून "१८८८ मध्ये असं होतं" असं कधीही लिहू नका. ती प्रत म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांचे थर आहेत. प्रत्येक कलमाखालच्या बारीक टिपा वाचा, कुठला शब्द कोणत्या वर्षी बदलला ते तिथे दिलेलं असतं. बऱ्याचदा खरा इतिहास त्या टिपांतच सापडतो.

आता समितीबद्दल. 'समिती' म्हटलं की आपल्याला वाटतं, मोठ्या सभेने आपलं थोडं काम चार माणसांकडे सोपवलं. इंग्लंडच्या नगरपालिकांत साधारण तसंच होतं. मुंबईचा कायदा मात्र वेगळं बोलतो. त्यात महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त ही तीन स्वतंत्र प्राधिकरणं म्हणून नोंदलेली आहेत. स्थायी समितीचे अधिकार सर्वसाधारण सभेच्या मर्जीतून येत नाहीत, ते थेट कायद्यातून येतात. ठरावीक रकमेच्या वरचं कंत्राट तिच्या मंजुरीशिवाय होत नाही. आयुक्तांनी अर्थसंकल्पाचा अंदाज ५ फेब्रुवारीच्या आत मांडायचा तो तिच्यासमोर, आणि तिच्याकडून तो सर्वसाधारण सभेकडे जातो. इतर महापालिकांसाठीच्या १९४९ च्या कायद्यानेही हाच साचा घेतला. तिथे स्थायी समिती सोळा जणांची आणि दरवर्षी निम्मे सभासद निवृत्त. पहिल्या वर्षी कोण निवृत्त होणार? चिठ्ठ्या टाकून ठरतं. वर्तमानपत्रात "स्थायीच्या आठ सदस्यांची चिठ्ठी निघाली" अशी बातमी वाचलीत, तर ती याबद्दल असते.

म्हणून शहरातल्या पैशाचा माग काढायचा असेल तर सर्वसाधारण सभेच्या गाजलेल्या भाषणांत फार वेळ घालवू नका. तिथे गर्दी असते, पत्रकार असतात, आवाज असतो. निर्णय बऱ्याचदा आधीच्या आठवड्यात समितीच्या खोलीत झालेला असतो. समितीच्या कागदांची स्वतःची भाषा आहे, ती शिकावी लागते. 'राखून ठेवला' म्हणजे अजून बोलणी चालू आहेत. 'फेरविचारार्थ परत' म्हणजे प्रशासनाला उघड नकार द्यायचा नाही, पण होकारही नाही. आणि 'दप्तरी दाखल' म्हणजे प्रस्तावाची अंत्ययात्रा. त्याला कोणी नाकारलेलं नसतं, पण तो पुन्हा उठत नाही. नवखा वाचक दप्तरी दाखल हे शब्द 'नोंद घेतली' असे वाचतो आणि तिथे फसतो. तसंच 'उपसूचना' दिसली की थांबा. मूळ ठराव निरुपद्रवी असतो आणि खरा बदल उपसूचनेतून आत शिरतो, हे इतक्या वेळा घडतं की मी तरी आता आधी उपसूचनाच वाचते.

परत कोरमकडे येऊ, कारण त्यातलं गणित मजेदार आहे. १९४९ च्या कायद्यात सर्वसाधारण सभेसाठी एकूण नगरसेवकांच्या एक तृतीयांश उपस्थितीची अट आहे. दीडशे नगरसेवकांची महापालिका धरा. पन्नास जण हवेत. पन्नासांत बहुमत म्हणजे सव्वीस. म्हणजे दीडशेतले सव्वीस जण शहराचा निर्णय घेऊ शकतात, आणि ते पूर्णपणे कायदेशीर असतं. इथवर ठीक. आता कायद्याचे शब्द नीट बघा. संख्या कमी आहे हे अध्यक्षांच्या निदर्शनास आणून दिलं गेलं, तर सभा तहकूब करायची. म्हणजे कोणी निदर्शनास आणून द्यायला हवं. सगळ्यांनी समंजसपणे गप्प बसायचं ठरवलं तर रिकाम्या बाकांसमोरही काम पुढे सरकतं. आणि कोणी उठून कोरम मोजायची मागणी केलीच, तर सभा तहकूब होते. पण त्या तहकूब सभेत उरलेलं काम कोरम असो वा नसो, उरकता येतं.

हे वाचून तुम्हाला वाटेल, मग अटीला अर्थ काय? मलाही सुरुवातीला हा कायद्यातला ढिसाळपणा वाटायचा. पण उलट बाजूने बघा. तहकूब सभेलाही कोरम सक्तीचा ठेवला असता, तर दोन तृतीयांशांहून अधिक सभासदांनी नुसतं घरी बसून शहराचा कारभार बंद पाडला असता. गैरहजेरी हे हत्यार होऊ नये म्हणून ही वाट ठेवली. ती ठेवल्याने मात्र गैरहजेरी सोयीची झाली. या दोन धोक्यांपैकी कायद्याने कोणता पत्करला, हे बघणं जास्त उपयोगाचं.

जिथे कायद्याला खरोखर धास्ती वाटली, तिथे त्याने 'हजर असलेल्यांचं बहुमत' हे मापच टाकून दिलं. आयुक्तांना परत बोलवायचा ठराव करायचा असेल तर एकूण नगरसेवकांच्या पाच अष्टमांश मतं लागतात. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण. तुमच्या टिपणवहीत प्रत्येक आकड्यापुढे 'कशाच्या?' असं लिहायची सवय लावून घ्या. छेद बदलला की राजकारण बदलतं.

हजेरीच्या यादीत नाव येण्यासाठी आधी जागा मिळायला हवी, आणि ती कधीकधी अगदी बारीक नियमावर अडते. १९०७ मध्ये मुंबईतल्या युरोपीय अधिकाऱ्यांच्या एका गटाने फिरोजशहा मेहतांना महापालिकेबाहेर काढायचा बेत केला. जस्टिसांच्या मतदारसंघात सोळा जागा होत्या. मेहता सतरावे आले. बेत फळला असं वाटत असतानाच निवडून आलेल्या एका सभासदाचा महापालिकेच्या कंत्राटाशी संबंध असल्याचं निघालं, त्याची निवड रद्द झाली आणि सतरावे मेहता आत आले. सभासदाचा महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध नसावा, हे कलम किती कोरडं वाटतं वाचताना!

दुसरा प्रश्न : येऊन कोणाला बसता येतं? इथे इंग्लंडची गोष्ट सांगायलाच हवी. १९०८ मध्ये वेल्समधल्या टेन्बी गावाच्या नगरपालिकेने एका वृत्तपत्रवाल्याला सभेत यायला बंदी केली आणि कोर्टाने निकाल दिला, की सभेला हजर राहण्याचा हक्क पत्रकारांना नाही. त्यावर गदारोळ होऊन त्याच वर्षी पत्रकारांना प्रवेश देणारा कायदा झाला. नगरपालिकांनी लगेच पळवाट शोधली. सगळी सभा जशीच्या तशी बसलेली असताना "आता आम्ही समिती म्हणून बसतो" असा ठराव करायचा. माणसं तीच, खोली तीच, विषय तोच. पण आता ही 'सभा' नाही, 'समिती' आहे, म्हणून पत्रकार बाहेर! ही पळवाट बुजवणारं विधेयक १९६० मध्ये एका नव्या खासदार बाईंनी मांडलं आणि आपलं पहिलंच भाषण त्यावर केलं. त्यांचं नाव मार्गारेट थॅचर. त्या कायद्याने पत्रकारांबरोबर सामान्य नागरिकांनाही सभेत बसायचा हक्क दिला. समित्या आणि उपसमित्या सर्रास खुल्या व्हायला मात्र १९८५ चा कायदा यावा लागला.

मुंबईच्या कायद्याच्या ३६ व्या कलमात महापालिकेची प्रत्येक सभा लोकांना खुली असेल असं म्हटलेलं आहे. एखादा विषय बंद दाराआड घ्यायचा तर हजर सभासदांच्या बहुमताने तसा ठराव करायचा, आणि तो ठराव चर्चेविना मतास टाकायचा. व्यत्यय आणणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार अध्यक्षांना. थोडक्यात, गॅलरीत बसा, ऐका, पण आवाज नको. आणि हे कलम सर्वसाधारण सभेच्या कामकाजाबद्दलचं आहे. टेन्बीची गोष्ट डोक्यात ठेवून मग स्वतःलाच विचारा, पैसा कुठल्या खोलीत ठरतो.

गॅलरीतल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून आत बोलणाऱ्या एकट्या माणसाचं मोल वाढतं. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या पुणे-भेटीसाठी हजार रुपये खर्च करायच्या ठरावाला त्यांनी एकट्याने विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणाले, ही हकीगत तुम्ही वाचली असेल. तिची तारीख अनेक ठिकाणी नोव्हेंबर १८८० अशी दिलेली दिसते. आता जरा थांबा. लिटनने व्हाइसरॉयपद सोडलं जून १८८० मध्ये. नोव्हेंबरमध्ये व्हाइसरॉय होता रिपन. म्हणजे वर्ष, महिना किंवा पाहुणा, यांतलं एक काहीतरी सरकलेलं आहे. एका चरित्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून भाषणांत आणि तिथून पाठ्यपुस्तकांत अशी तारीख उतरत जाते. याने फुल्यांच्या विरोधाचं महत्त्व तसूभर कमी होत नाही. पण तुम्ही संशोधक म्हणून ही ओळ लिहिणार असाल तर आधी सभेचं इतिवृत्त काढायचं. विरोधी मत हे अशा सभेतलं सर्वांत नेमकं पुराव्याचं ठिकाण असतं, कारण एकमताने मंजूर झालेल्या ठरावात कोण खरोखर बाजूने होतं ते कधीच कळत नाही.

जाता जाता : पुण्याची नवी मंडई बांधण्याच्या खर्चालाही फुल्यांनी विरोध केला होता. त्या मंडईला पुढे त्यांचंच नाव मिळालं. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचं अधिकृत नावही आता महात्मा जोतिबा फुले मंडई असंच आहे.

तिसरा प्रश्न, बोलण्याचा. यात शहर आणि गाव यांची तुलना करा आणि धक्का बसू द्या. ग्रामसभेचा कोरम मतदारांच्या हजेरीवर मोजतात : गावातल्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल ती संख्या. म्हणजे गावात कायदा नागरिक मोजतो आणि शहरात नगरसेवक मोजतो. खेड्यातली बाई ग्रामसभेत उठून सरपंचाला टाकीच्या पाण्याबद्दल विचारू शकते. तीच बाई मुंबईला लेकीकडे राहायला आली की गॅलरीत बसणारी प्रेक्षक होते. ग्रामसभेचं कागदावर असणं आणि प्रत्यक्षात भरणं यात अंतर आहे, हे मान्य. कोरमअभावी तहकूब झालेली ग्रामसभाही पुढे कोरमशिवाय भरते. पण हक्क कोणाचा मोजला जातो, हा फरक त्याने पुसला जात नाही.

७४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, तीन लाखांहून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात त्यांत स्वयंसेवी संस्थांच्या तिघांपर्यंत प्रतिनिधींना जागा ठेवलेली आहे; ते प्रतिनिधी नेमायचे नगरसेवकांनीच. २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभा कायद्यात आली, ग्रामसभेची शहरी बहीण म्हणावी अशी. तुमच्या वॉर्डात ती शेवटची कधी भरली, हे तुमच्या नगरसेवकाला विचारा. पीएचडीसाठी हा वाईट विषय नाही. क्षेत्रकार्याचा खर्च रिक्षाभाड्याइतकाच.

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि नवी निवडणूक व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला. मधली सगळी वर्षं प्रशासकाची. असं आधीही घडलं होतं, १९८४-८५ मध्ये, पण ते साधारण वर्षभर. प्रशासक असतो तेव्हा सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार त्याच्याकडे येतात, आणि या वेळी प्रशासक म्हणजे आयुक्तच. प्रस्ताव मांडणारं पद आणि मंजूर करणारं पद वेगळं, माणूस एक. सूचक नाही, अनुमोदक नाही, उपसूचना नाही, तहकुबी नाही, आणि कोरम मोजा म्हणायला समोर कोणी नाही. १८६५ मध्ये क्रॉफर्डवर देखरेख करायला निदान नावापुरते तरी जस्टिस होते. या चार वर्षांवर कोणी काम करणार असेल तर हजेरीच्या यादीपासून सुरुवात करता येणार नाही, कारण ती यादीच नाही. आयुक्तांची टिपणं, निविदांच्या जाहिराती, लेखापरीक्षणाचे आक्षेप आणि माहिती अधिकारातली उत्तरं जोडत बसावं लागेल. निविदांच्या जाहिराती आत्ताच उतरवून ठेवा, संकेतस्थळांवरून त्या फार पटकन नाहीशा होतात.